कडप्पा, सागवान आणि पितळ

गेल्या पावसाळ्यात प्रभात रस्त्यावरच्या एका जुन्या बंगल्याचं स्वयंपाकघर नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं. पैशाची अडचण नव्हती. मालकीणबाईंनी जेवणाच्या टेबलावर नमुने मांडून ठेवले होते. इटालियन मार्बलचे दोन तुकडे, क्वार्ट्झचे तीन, ॲक्रिलिकच्या चार रंगांच्या पट्ट्या, अक्रोडाचं व्हेनियर, रेघांची काच, सोनेरी मुलाम्याची पट्टी आणि आणखी दोन टाईल्स. मोजले तर चौदा भरले. "यातलं काय काय कुठे घ्यायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आधी तीनच जिन्नस ठेवू. चौथा लागलाच तर तेव्हा बघू."

त्यांना वाटलं, परदेशी मासिकांतली नवी टूम सांगते आहे. तिकडच्या भारी स्वयंपाकघरांत हल्ली खरंच असं करतात, एक दगड, एक लाकूड, एक धातू. पण मला हे मासिकांनी शिकवलेलं नाही. पस्तीस वर्षं मी लोकांची स्वयंपाकघरं बांधते आहे, आणि आपल्याकडच्या स्वयंपाकघरात कुठला जिन्नस कधी आला, कुठून आला, कुणाच्या जागी बसला, याचा माग काढायचा मला नाद आहे. तो नाद लागला वाईच्या घरात, माझ्या आजीच्या ओट्यापाशी.

आजीच्या घरात ओटा १९७३ साली आला. त्याआधीचं स्वयंपाकघर मला अंधूक आठवतं, पण चूल मागच्या पडवीत पुढेही बरीच वर्षं होती, म्हणून चित्र पुरं करता येतं. जमीन शेणाने सारवलेली. मातीची चूल, शेजारी तिचा वैल. कोपऱ्यात काळ्या दगडाचा पाटा. भिंतीत सागवानी फडताळ, वर शिंकाळं. भांडी तांब्या-पितळेची, तवा आणि विळी लोखंडाची. बस, एवढंच. माती, दगड, लाकूड, पितळ, लोखंड. यातला तांब्या-पितळेचा पत्रा तेवढा लांबून, मुंबई बंदरावरून यायचा. बाकी सगळं बैलगाडीच्या टप्प्यातलं.

हा साधेपणा कुणी ठरवून आणलेला नव्हता, तो आपल्या पायाखालच्या खडकानेच घालून दिला होता. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बसाल्टवर उभा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर. हा दगड कणखर. वाड्याचं जोतं त्याचं, घाट त्याचा, जातं, उखळ, पाटा त्याचा. पण त्याची फरशी सहजी निघत नाही. त्याला पदर नाहीत. छिन्नी मारली की तो त्याच्या मनासारखा फुटतो, आपल्या नाही. घडीव चिरा करता येतो, दोन बोटं जाडीची, माणसाच्या उंचीएवढी सपाट लादी हाताने काढणं जवळजवळ अशक्य. म्हणून पेशवाईत ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्या वाड्यातही स्वयंपाकघराची जमीन मातीचीच असायची. सपाट दगड मिळाला तो दुसऱ्या प्रदेशातून, आणि तो आणला आगगाडीने.

हा भाग मला फार आवडतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला धावली. १८६३ साली बोरघाट फुटला आणि मुंबई-पुणं सलग जोडलं गेलं. त्याआधीच रूळ सोलापूरपर्यंत पोचले होते. मग ते निजामाच्या मुलखातून पुढे सरकले, आणि १८७१ साली रायचूरला मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाले. आता नकाशा काढून या वाटेवर बोट फिरवा. सोलापूर, गुलबर्गा, शहाबाद, वाडी, रायचूर, गुंतकल, कडप्पा. आपल्या घरातले दोन्ही दगड या एकाच रुळावरची स्टेशनं आहेत!

शहाबादचा दगड आणि कडप्प्याचा दगड, दोन्ही चुनखडक. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी गाळ बसत गेला, त्याचे पदर झाले. पहारीने पदर उचकटला की लादी सुटते, तीही सपाट. शहाबादी फिकट राखाडी, कडप्पा काळा. एकाने जमीन घेतली, दुसऱ्याने ओटा. शहाबादी फरशी आली आणि सारवणं गेलं. कडप्पा आला आणि बाई उभी राहिली.

एक गोष्ट सांगायची राहू नये. आपण हे दगड गावांच्या नावाने ओळखतो. शहाबादी, कडप्पा, कोटा, तंदूर, मकराणा. कौलंसुद्धा मंगलोरी. ज्या बाईने सातारा जिल्हा कधी सोडला नाही, ती रोज कडप्प्यावर कणीक मळत होती आणि शहाबादीवर पाट मांडत होती. पुढे जे दगड आले त्यांची नावं दुकानात ठेवली गेली, जेट ब्लॅक, ब्लॅक गॅलेक्सी. त्यातला तो चमचमणारा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा. ते गाव मात्र आपल्या तोंडी बसलं नाही, याची मला हळहळ वाटते.

ओटा मुंबईत आधी आला. दादर-माटुंग्याच्या नव्या इमारतींत, १९३० नंतरच्या ब्लॉकमध्ये, स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. चाळीत मात्र बरीच वर्षं बसूनच. बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत सगळा संसार मांडायचा तर स्वयंपाकघर असं वेगळं कुठून काढणार? पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे खचले, आणि पुष्कळ कुटुंबं नव्या वस्तीत गेली. तिथे ती थेट ओट्यापाशीच उभी राहिली. गावांकडे हे सावकाश झालं. रॉकेलचा स्टोव्ह आला तरी तो जमिनीवरच ठेवून, पाटावर बसून चालवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मुंबईत सिलिंडरचा गॅस १९५५ साली मिळू लागला. तो मात्र उंचावरच ठेवावा लागे, आणि त्याने बसणं संपवलं.

मी चुलीची आठवण काढते म्हणून कुणी असं समजू नये की मला ती परत हवी आहे. आजीचे डोळे धुराने गेले. शेवटची दहा वर्षं ती माणसं आवाजावरून ओळखायची. जुन्या स्वयंपाकघरात जिन्नस थोडे होते, पण त्या थोड्यांची रोजची उस्तवार सगळी बाईच्या अंगावर होती. सारवायचं तिने, चूल पोतेरायची तिने, पितळ चिंचेने घासायचं तिने.

डागडुजीला मात्र ज्या त्या जिन्नसाचा आपला माणूस होता. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारी बाई दारावर यायची, मांडी घालून बसायची आणि टकटक करत पाट्यावर बारीक खळगे पाडायची. लोखंडाला लोहार. आणि पितळेला कल्हईवाला. तो आला की आळीतली पोरं गोळा होत. अंगणात खळगा खणायचा, कोळसा भरायचा, चामड्याचा भाता लावायचा. पातेलं उलटंपालटं तापवलं की त्यात नवसागराची चिमूट टाकायचा, आणि नाकाला झोंबणारा पांढरा धूर उठायचा. कथलाची कांडी तापल्या बुडाला नुसती टेकवायची. कथील २३२ अंशांनाच वितळतं, क्षणात पाणी होतं. मग कापसाच्या बोळ्याने ते सरसर फिरवायचं, आणि काळंपिवळं पातेलं आतून चंद्रासारखं व्हायचं. लगेच पाण्यात. चर्र!

ही कल्हई शोभेची नव्हती. उघड्या पितळेत ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते, तांब्याचा अंश उतरतो, पोटात ढवळतं. कळकणं हा शब्द माझ्या मुलीला माहीत नाही, कारण तिने स्टीलच पाहिलं. पण त्या एका शब्दात सगळ्या जुन्या स्वयंपाकघराची शिस्त होती. कशात काय ठेवायचं आणि कशात नाही, हे पोरीला सहाव्या-सातव्या वर्षी पाठ असे. पाणी तांब्यात. आंबट कल्हईच्या भांड्यात किंवा मातीच्या. वाटण दगडावर. पीठ लाकडी काथवटीत. पाच जिन्नस होते, कारण पाच कामं होती, आणि कुणी कुणाच्या कामात जात नसे.

पुण्यात ही पितळ-तांब्याची बाजू अजून पाहायची असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जावं. पेशवाईपासून तांबटांची घरं तिथे आहेत. पत्र्यावर एकसारखे ठोके देत ते मठारकाम करतात, आणि त्या ठोक्यांनी पत्रा नुसता सुंदर होत नाही, घट्टही होतो. बंब, घंगाळ, हंडा यांवर ते खवल्यासारखे डाग दिसतात ते हेच. सकाळी दहाच्या सुमारास आळीच्या तोंडाशी उभं राहिलं की दुकान दिसायच्या आधी ऐकू येतं.

मग स्टेनलेस स्टील आलं. साठ-सत्तरच्या दशकांत ते घरोघर शिरलं, आणि त्याने एकदम तीन गोष्टी केल्या. कल्हई संपवली, घासणं हलकं केलं, आणि आंबट-गोड सगळं कशातही ठेवायची मुभा दिली. माझ्या आईला त्याचा केवढा आनंद झाला होता! तिने पितळी डबे, सतेली, आजीचं एक घंगाळ मोडीत घातलं आणि डब्यांचा सेट आणला. काही भांडी बोहारणीने जरीच्या जुन्या साड्यांवर दिली. प्रत्येक वाटीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, तारखेसकट. आईच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईला स्टीलने रोजचा तासभर परत दिला. त्या घंगाळासाठी मात्र अजून जीव हळहळतो.

पितळ गेलं, तसा हळूहळू कडप्पाही मानातून उतरला. ग्रॅनाइट आला. हिऱ्याच्या पात्यांची यंत्रं आल्यावर तो कठीण दगड पातळ कापता येऊ लागला, आणि त्याला लिंबू लागत नाही, चिंच लागत नाही. कडप्पा चुनखडकच, आंबट त्याला खातं. कोकमाचं आगळ सांडलं की फिकट कडं उमटतं आणि ते जात नाही. तेव्हा ओट्यावरून कडप्पा खाली सरकला, उभ्या आधारांत, मग मांडणीत, मग मोरीच्या कठड्याला, शेवटी माळ्यावर. त्याच्या जागी नुसता ग्रॅनाइट आला असता तर माझी तक्रार नव्हती. पण नव्वदच्या दशकात दारं उघडली आणि सगळंच एकदम आत आलं. लॅमिनेट, एमडीएफ, ॲक्रिलिक, काच, ॲल्युमिनियमच्या चौकटी, द्राक्षांच्या घोसांची चित्रं असलेल्या हायलायटर टाईल्स.

मीही त्यातलीच होते. १९९८ साली कोथरूडमध्ये मी एक स्वयंपाकघर केलं, त्यात नऊ जिन्नस होते. फोटोत फार छान दिसलं. सहा वर्षांनी त्या घरी गेले तेव्हा सिंकखालचं एमडीएफ पावासारखं फुगलं होतं, ग्रॅनाइट आणि टाईलमधली सिलिकॉनची रेघ काळी पडली होती, काचेच्या पट्टीमागे मुंग्यांनी घर केलं होतं. बाई काही बोलल्या नाहीत. चहा दिला. मी तिथेच कागद घेतला आणि जिथे एक जिन्नस दुसऱ्याला भेटतो अशा जागा मोजल्या. एकतीस निघाल्या. बिघाड एकूण एक त्या एकतीस जागांवर होता. दगड शाबूत, काच शाबूत, लाकूडही मधोमध शाबूत. चूक कारागिराची नव्हती, माझी होती. प्रत्येक जिन्नस उन्हाने, पाण्याने आपापल्या मापाने फुगतो आणि आकसतो, आणि त्याचा सगळा ताण सांध्यावर येतो. तेव्हापासून मी आराखडा झाला की आधी सांधे मोजते. जिन्नस कमी केले की सांधे आपोआप कमी होतात. आजीच्या स्वयंपाकघरात फडताळ भिंतीत, चूल मातीत, पाटा मोकळा. सांधा असा जवळजवळ नव्हताच.

प्रभात रस्त्याच्या टेबलावरचे चौदा नमुने मी याच हिशेबाने उचलत गेले. पांढरा इटालियन मार्बल आधी. तोही चुन्याचाच, हळद आणि कोकम त्याच्यावर लपत नाही, आणि या घरात रोज सोलकढी होते. मग क्वार्ट्झ. तो दगड म्हणून विकला जातो, पण तो असतो गारगोटीचा चुरा, सुमारे नऊ दशांश, आणि बाकी राळ. घरात बसल्यावर त्याचा काही त्रास नाही. त्रास कापणाऱ्याला होतो. त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्याला इलाज नाही. कापणारे तरुण कामगार एकामागून एक आजारी पडले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून हा दगड बनवणं, विकणं, बसवणं सगळ्यावर बंदी आणली. आपल्याकडे तोंडाला रुमाल बांधून, कोरड्या कटरने तो कापणारी मुलं मी रोज बघते. माझ्या कामात मी तो वापरत नाही. दुसऱ्या दगडांतही सिलिका असते, तेव्हा कुठलाही दगड माझ्याकडे पाणी सोडूनच कापला जातो.

"मग ओट्याला काय?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "कडप्पा."

त्या गप्पच झाल्या. "अहो, कडप्पा मोरीला लावतात," त्या हळूच म्हणाल्या.

मी त्यांना वाईच्या घरी नेलं. घर विकायचं ठरलं आहे, सामान हलवायचं बाकी होतं. ओटा जागेवर होता. पन्नास वर्षांचा. दर दिवाळीला आजी त्याला खोबरेल तेल चोळायची, नंतर आई चोळायची. तो काळा रंग पॉलिशचा नसतो, पावसाळी रात्रीसारखा खोल असतो, आणि त्यात एक पांढरी शीर स्टोव्हच्या जागेपासून खिडकीपर्यंत गेलेली. कडेला आगळाच्या बरणीची तीन कडी. बाईंनी हात ठेवला आणि काढला नाही. एप्रिल होता, बाहेर अडतीस अंश, आणि दगड गार. लहानपणी दुपारी मी त्याच्यावर गाल टेकून उभी राहायची, ते मी त्यांना सांगितलं.

मग ठरलं. ओटा कडप्प्याचा, घोटलेला पण चकाकी न आणलेला, त्यावर तेल. कपाटं सागवानाची, पेठेत पाडलेल्या एका वाड्याच्या तुळया चिरून. त्यांत जुन्या खिळ्यांची भोकं होती, ती बुजवू नका असं मी सुताराला सांगितलं. कड्या आणि मांडणीची पट्टी पितळेची, तांबट आळीतून ठोकून आणलेली, वर कसलाही मुलामा नाही, हात लागेल तिथे उजळेल. सिंक स्टीलचं. चौथा जिन्नस लागला तो इथे. आंबट, साबण, उकळतं पाणी, सगळं दिवसभर सोसणारं दुसरं काही माझ्या माहितीत नाही, आणि आईच्या त्या आनंदालाही या स्वयंपाकघरात जागा हवी होती. सांधे भरले अकरा.

आंबटाची कडी पडतील, हे मी बाईंना लिहून दिलं. त्यांनी त्याखाली सही केली.

वाईच्या ओट्याची लादी मी फेकू दिली नाही. खिडकीखालचा चार फुटी तुकडा त्यांच्या ओट्याच्या टोकाला, कणीक मळायच्या जागी बसवायचा ठरला. फिटर सोलापूरकडचा, साठीचा, बापापासून दगडातला. त्याने आणि त्याच्या पोराने लादी सुटी केली, उलटी करून पोत्यावर ठेवली. वरची बाजू पन्नास वर्षं आमची होती. खालची मी कधी पाहिली नव्हती. तिच्यावर खाणीतल्या छिन्नीचे घाव जसेच्या तसे होते, बोटभर अंतरावर, रांगेने, सगळे एकाच बाजूला झुकलेले. फिटरने त्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या हाताने छिन्नी धरल्यासारखं करून पाहिलं, मान हलवली, आणि हात बदलला.

"म्याडम," तो म्हणाला, "हा गडी डावरा हुता बघा."